मदत हवी आहे : गाठीच्या जनुकीय चाचणीवर विसंबून केमो टाळावी का?

नमस्कार. माझ्या ५६ वर्षांच्या मोठ्या बहिणीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया गेल्या महिन्यात झाली. गाठ हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनच्या प्रभावाने वाढणारी), हर-२ निगेटिव्ह (हर-२ हे प्रथिन जास्त नसलेली) असून काखेतल्या ग्रंथींत आजार पसरलेला नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने गाठीचा नमुना ‘ऑन्कोटाइप डीएक्स’ या २१ जनुकांच्या चाचणीसाठी अमेरिकेला पाठवला आणि १०० पैकी १९ असा स्कोअर आला (स्कोअर जितका जास्त, तितका आजार उलटण्याचा धोका जास्त). २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलरएक्स अभ्यासात, पन्नाशी ओलांडलेल्या अशा रुग्णांचा स्कोअर ११ ते २५ असेल तर हार्मोनविरोधी गोळ्यांना केमोची जोड देऊन फायदा होत नाही, असे दिसले. म्हणून केमो नको, असे डॉक्टर म्हणतात.

ताईला मात्र हे पटत नाही. रिपोर्टमधल्या १९ भोवती तिने पेन्सिलने गोल केला आहे आणि रोज रात्री तो कागद उघडून ती विचारते, “उद्या आजार उलटला तर?” केस गेले तरी चालतील, पण उपचारात कसर राहायला नको, असे तिचे म्हणणे आहे. शिवाय ही चाचणी गाठीची नसून बीआरसीए जनुकांच्या चाचणीसारखी, म्हणजे आजाराचा धोका घराण्यात पुढे जातो का हे पाहणारी आनुवंशिकतेची तपासणी आहे, असा आमचा सुरुवातीला समज झाल्याने मुलीबद्दलची धास्ती तिच्या मनात बसली, ती अजून पुरती गेलेली नाही.

ज्यांनी ही चाचणी करून केमो टाळली, किंवा स्कोअर कमी असूनही घेतली, त्यांनी कृपया सांगावे की निर्णय घेताना मनाची तयारी कशी झाली आणि डॉक्टरांना नेमके काय विचारल्यावर शंका फिटली. पुढच्या आठवड्यात आम्हाला निर्णय कळवायचा आहे.