उन्हाळ्यात दुपारचं खाद्य बंद करावं का? रात्री लाइट किती ठेवावेत?

मूर्तिजापूरचा शेडवाला: मांसाच्या (ब्रॉयलर) कोंबड्यांचा तीन हजारांचा लॉट, पक्षी तीस दिवसांचे. बाहेर पारा ४४ वर. पंखे, फॉगर (पाण्याचं बारीक धुकं उडवणारे) चालूच आहेत, तरी काल दुपारी पक्षी पंख सोडून, चोच उघडी टाकून धापा टाकत होते आणि संध्याकाळी नेमके वजनदार पक्षीच मेलेले सापडले. सुपरवायझर म्हणतो फीडर रिकामे ठेवू नका, वजन मार खाईल. शेजारचा म्हणतो दुपारी खाद्य बंद करा. ऐकू कोणाचं?

परतवाड्याची ताई: दादा, शेजाऱ्याचं ऐका. कोंबडीला घाम येत नाही, धाप हाच तिचा मुख्य आधार. त्यात खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, ती चार-सहा तासांनी जास्त जाणवते. दहाला पोटभर खाल्लेला पक्षी भर उन्हात आतूनही तापतो. म्हणून फीडर नऊच्या आत दोरीनं वर ओढा, पाच-साडेपाचला ऊन उतरलं की सोडा. पण सगळे एकदम सोडा, दोन टोकांना दोन माणसं उभी करून. नाहीतर भुकेले पक्षी पहिल्या फीडरवर तुटून पडतात, पाठी ओरबाडतात, खालचे गुदमरतात.

बुडालेलं खाणं रात्री भरून काढायचं. अकरापर्यंत लाइट, मग तीनपर्यंत पूर्ण अंधार, तीनपासून परत लाइट. पहाटेच्या गारव्यात पक्षी फार छान खातात. रात्रभर लाइट मात्र नको, त्यांना झोप लागतेच.

वजन थोडं कमी येईल, पण मेलेल्या पक्ष्यानं खाल्लेलं खाद्यही एफसीआरमध्ये (किलोभर वजनामागे किती खाद्य लागलं, त्या हिशोबात) आपल्याच नावावर पडतं.

आणि पाणी कधीच बंद नको. टाकीवर ओला बारदाना टाका. निपलच्या (पक्षी चोचीनं दाबून पितात त्या तोट्यांच्या) पाइपातलं पाणी दुपारी हाताला कोमट लागतं, पक्षी ते पीत नाहीत. टोकाचा कॉक उघडून गार पाणी येईपर्यंत वाहू द्या.

पशुवैद्यक, अमरावती: ताईंशी सहमत. धापेत कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, रक्तातला आम्ल-अल्कली तोल बिघडतो. म्हणून पाण्यातून इलेक्ट्रोलाइट (क्षार) द्या, पाकिटावरच्या मात्रेतच. क जीवनसत्त्व सकाळच्या ताज्या पाण्यात द्या, क्लोरीनच्या पाण्यात ते टिकत नाही. खाद्य स्वतः बनवणाऱ्यांनी मक्याचा थोडा भाग कमी करून तेल वाढवावं, तेल पचताना उष्णता कमी निघते. जादा प्रथिनंही उष्णता वाढवतात, त्यापेक्षा लायसिन-मेथिओनिन या अमिनो आम्लांचा हिशोब नीट बसवा. कंपनीच्या तयार खाद्यावर मात्र वरून तेल ओतू नका.

मूर्तिजापूरचा शेडवाला: आज नवाच्या आधीच फीडर उचलले. दुपारी पक्ष्यांमधून फेरी मारून त्यांना उठवू का?

परतवाड्याची ताई: नाही हो, दुपारी हात लावू नका. पाहायचं ते जाळीबाहेरून पाहा. फॉगर चालू असताना पडदे उघडेच ठेवा, कोंडलेल्या दमट हवेत धाप कामाची राहत नाही. आणि लिफ्टिंगची (तयार पक्षी उचलून नेणारी) गाडी रात्रीचीच मागा.