मदत हवी आहे: ईव्हीवरून घराला बॅकअप, न्यूट्रल-अर्थिंगचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरातलं घर, सिंगल फेज. लाइट गेली की इलेक्ट्रिक गाडीच्या (ईव्ही) व्हीटूएल (गाडीच्या बॅटरीवर घरची उपकरणं चालवणाऱ्या) अ‍ॅडॉप्टरवरून (3.3 केव्हीए, म्हणजे साधारण 14 अँपिअर) फ्रिज, चार पंखे, दिवे, राउटर चालवायचे आहेत. लोड 500 वॅटच्या आत. चार तासांना दोन युनिट, 45 युनिटच्या बॅटरीला किरकोळ. बोअरची मोटर वगळली आहे, सुरू होताना ती पाच-सहा पट करंट ओढते.

डबल पोल चेंजओव्हर (फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम मेनवरून गाडीवर वळवणारा स्विच) पक्का. दोन्हीकडे प्लग असलेली वायर सॉकेटला लावायचा सल्ला कृपया नको. मेन स्विच चुकून चालू राहिला तर वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

अडचण अशी, की अ‍ॅडॉप्टरचा न्यूट्रल फ्लोटिंग आहे, म्हणजे अर्थला जोडलेला नाही. टेस्टर दोन्ही भोकांत मिणमिणतो, मीटरवर दोन्ही तारा अर्थपासून 115 व्होल्टच्या आसपास. आरसीसीबीचं (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबलं की ट्रिप होतं, पण त्यावर विसंबता येत नाही: तो करंट फेज-न्यूट्रलमध्येच फिरतो, खऱ्या गळतीला अर्थमार्गे परतीची वाटच नाही. न्यूट्रल-अर्थ जोडावा, तर काही गाड्या इन्सुलेशन फॉल्ट समजून आउटपुट तोडतात.

हा बाँड (न्यूट्रल-अर्थ जोड) कुणी दिलाय का? आरसीसीबीच्या आधीच ना? कोणती गाडी, आणि एरर आला का? की मधे 3 केव्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (गाडीची आणि घराची बाजू तारेने न जोडता वेगळी ठेवणारा) घालून त्याच्या दुय्यम, म्हणजे घराकडच्या बाजूला बाँड द्यावा? चालू होतानाचा त्याचा जास्तीच्या करंटचा झटका अ‍ॅडॉप्टर झेलतो का?