पहिली गिअरची गाडी घ्यायचीय, हंटर का शाईन का जुनी पल्सर?

कोरेगावकर_मुलगी
कॉलेजपासून अॅक्टिव्हाच चालवत आले, आता साताऱ्यात एमआयडीसीत जॉब लागलाय, रोज कोरेगावहून जाऊन येऊन, आणि सुट्टीत कास बामणोलीकडं जायची हौस. हंटर ३५० मनात भरलीय पण उंची पाच फूट दोन, घरचे म्हणतात शाईन घे नाहीतर स्कूटीच बरी. ऑफिसातल्या एकाची पल्सर १५० पण विकायचीय. काय करू?

घाटरस्ता
ताई गाडीचं नंतर, आधी लायसन काढून बघ. अॅक्टिव्हावर टेस्ट दिली असेल तर विदाऊट गिअरचं असतं बऱ्याच जणांचं, त्यावर यातली एकही चालत नाय. गिअरसाठी परत लर्निंग काढायचं, तीस दिवसांनी टेस्ट. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच विचारतात.

एमएच११_पासिंग
उंचीचं जास्त मनावर घेऊ नका. हंटरची सीट ७९० मिमी, शाईन १२५ ची ७९१, म्हणजे सारखंच. फरक वजनात आहे, हंटर १८० किलोच्या आसपास आणि शाईन ११५ च्या आत. चालत्या गाडीला ते कळत नाही, पण पार्किंगमधून मागं ढकलताना, किंवा चढावर ट्रॅफिकमध्ये एका पायावर तोलताना सगळं कळतं. शोरूमला रोजचेच बूट घालून जा, नुसतं बसून फोटो काढू नका, बसल्या बसल्या गाडी मागं घेऊन बघा आणि साइड स्टँडवरून सरळ करून बघा. सेल्समन कंटाळला तर कंटाळू दे, हप्ते तुम्ही भरणार.

कोरेगावकर_मुलगी
बाप रे लायसन खरंच विदाऊट गिअर निघालं 🙈 पण कास रोडला शाईन दमणार नाही ना?

घाटरस्ता
चढते की आरामात, दुसऱ्या तिसऱ्यावर. खरी परीक्षा यवतेश्वर घाट उतरताना, लोक पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून सुटतात, तो येडेपणा करू नको. दुसऱ्या गिअरला इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत, स्कूटीवर ही सोय एवढी मिळत नाय. आणि सप्टेंबरात फुलांच्या गर्दीत पहिल्यांदा जाऊ नको, चढावर हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धा दाबून धरून धरून हात जातो. आधी सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर घोटून घे.

एमएच११_पासिंग
एक राहिलं, १२५ सीसीच्या वर एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ देत नाही) सक्तीचं आहे २०१९ पासून, शाईनला सीबीएस येतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. पावसात धुक्यात जाणार असाल तर माझं मत एबीएसकडंच, १५०-१६० मधली हलकी बघा, हंटर दोन वर्षांनी घ्या की.

जुनीच_बरी
मग पल्सर का नको? शिकताना एकदा दोनदा आडवी होणारच, नवीन टाकीला पोचा पडला की जीव जातो. फक्त २०१९ नंतरची आहे का बघ, एबीएस असेल. आरसीवर बँकेचा बोजा असला तर एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, घेतल्याशिवाय पैसे देऊ नको, चलनं ऑनलाइन तपास, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घे. आणि इन्शुरन्स "पाच वर्षांचा आहे" म्हणाला तर नीट वाच, ते थर्ड पार्टीचं, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं असतं, आपल्या गाडीच्या नुकसानीचं बहुतेक वर्षाचंच, कधीच संपलेलं असतं. किती किमी झालीय आणि काय मागतोय ते टाक इथं.