कोस्टा देल सोलला काम ‘मिळतंच’ म्हणे!

काटेकोर

परवा इथेच एकांनी स्पेनच्या दक्षिण किनाऱ्याबद्दल, म्हणजे कोस्टा देल सोल आणि तिथल्या मालागा शहराबद्दल, लिहिलं : “मालागाला या. बाराही महिने ऊन, दारात समुद्र. हॉटेलं, रेस्टॉरंटं, कॉल सेंटरं इतकी आहेत की काम मिळतंच. आधी पोचा, मग बघा.” दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणार होतो. पण खाली “दादा, बायोडेटा कुठे पाठवू?” विचारणाऱ्यांची रांग बघितली आणि राहवलं नाही.

आधी पोचा, हे कोणासाठी? युरोपीय संघाचा पासपोर्ट असेल तर खुशाल पोचा. भारतीय पासपोर्टवर टुरिस्ट म्हणून उतरून हॉटेलात वेटरची नोकरी धरता येत नाही हो. मालकाला तुमच्यासाठी परवाना मागावा लागतो, आणि या कामाला इथला माणूस मिळाला नाही हे आधी दाखवावं लागतं. ज्यांना ही अट नाही अशा कामांची सरकारी यादी असते, ती उघडून बघा. बरीचशी जहाजावरची कामं आहेत. आणि अंदालुसियात, म्हणजे मालागा ज्या राज्यात आहे तिथे, वेटर मिळत नाही हे कोण कसं सिद्ध करणार? याच देशात २०१३ मध्ये बेकारी २६ टक्क्यांच्या वर गेली होती. आता खूप उतरली असली तरी युरोपीय संघात स्पेनचा नंबर अजून वरचाच, आणि अंदालुसिया त्यातही पुढे.

समजा मिळालं काम. २०२५ चं किमान वेतन महिना १,१८४ युरो, वर्षाला १४ हप्ते. फुएंगिरोला किंवा मालागात एका बेडरूमचं भाडं हजाराला सहज भिडतं. उरलेल्यात ऊन खा. हंगाम संपला की किनाऱ्यावरची कित्येक हॉटेलं दारं लावतात आणि कामगार उन्हाळ्याची वाट बघत घरी बसतात. जून २०२४ मध्ये घरभाड्याविरुद्ध मालागात हजारो लोक रस्त्यावर उतरले, ते इथलेच होते, पगार मिळवणारे होते.

समुद्राकडे तोंड करून लॅपटॉपचे फोटो टाकणारे काम सोबत घेऊन आलेले असतात. त्यांनी ते तिथे शोधलेलं नसतं. एवढंच लिहा की.

उनाडपंत

ज्यांच्या लिखाणाने साहेबांचं पित्त खवळलं तो मीच. ‘मिळतंच’ असं लिहिलं ते स्वतःच्या अनुभवावरून, कोणाच्या सरकारी यादीवरून नाही.

मी मालागाच्या विद्यापीठात मास्टर्सला आलो. विद्यार्थ्याला आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं. मी एका बीच बारमध्ये भांडी घासली, सार्डिनच्या काट्यांनी बोटं सोलून निघाली, तिथेच स्पॅनिश शिकलो. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला २४ महिन्यांपर्यंत राहता येतं, त्यात टेक पार्कमध्ये लागलो. हे पार्क १९९२ पासून आहे. व्हायरस तपासणारी व्हायरसटोटल ही कंपनी मालागाचीच, गूगलने ती २०१२ मध्ये घेतली आणि २०२३ मध्ये सायबर सुरक्षेचं केंद्रही इथेच उघडलं. पण तुमच्या लेखी कोस्टा देल सोल म्हणजे वेटर आणि छत्र्या.

आणि बाहेरच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी असलेल्या नोमाड परवान्याचा अर्ज टुरिस्ट म्हणून येऊन इथूनच करता येतो, हे माहीत आहे ना? मग “आधी पोचा” चुकीचं कसं?

काटेकोर

अहो पंत, मग हेच लिहायचं होतंत! “मास्टर्सला प्रवेश घ्या, फी भरा, खात्यात पैसे दाखवा, भांडी घासा, भाषा शिका, मग बघा.” एवढं लिहिलं असतंत तर रांग तिथेच पांगली असती.

नोमाडचं खरं आहे, इथून अर्ज होतो, घ्या तुमचा एक गुण. पण त्याला किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न लागतं, म्हणजे २०२५ च्या हिशोबाने महिना साधारण २,७६३ युरो, आणि त्या कंपनीबरोबर आधीपासून किमान तीन महिने काम करत असायला हवं. स्पॅनिश गिऱ्हाइकांकडून येणारं काम फार तर २० टक्के. म्हणजे काम खिशात असलेल्यालाच दार उघडं. मी तेच म्हणतोय.

सावनी_मार

दोघंही पुरुष मंडळी परवान्यांवरच अडकलात. माझ्याकडे परवाना होता. नवरा आयटीत, त्याच्या परवान्यावर जोडीदाराला काम करता येतं. कागदावर सगळं छान.

मी फिजिओथेरपिस्ट. पदवीला मान्यता मिळाल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, असं मला प्रत्येक जण हसत हसत सांगतो. माझी फाइल मंत्रालयात पडून असताना मी मार्बेयात एका घरं विकणाऱ्या एजन्सीत लागले. पगार शून्य, नुसतं कमिशन, वर स्वतःची ऑटोनोमो, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी. पहिलं वर्ष महिना साधारण ८० युरोच भरायचे होते म्हणून जमलं. गिऱ्हाईक घर बघतं, बायको म्हणते स्वयंपाकघर लहान, दोघं जेवायला निघून जातात. मी फाटकाला कुलूप लावून बसची वाट बघत उभी. लोकल ट्रेन फुएंगिरोलाला संपते, मार्बेयाला रेल्वेच नाही. गाडी चालवायची तर भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही, रहिवासी झाल्यावर सहा महिन्यांनी ते इथे चालतही नाही. परीक्षा पहिल्यापासून : ३० प्रश्न, तीनच चुका माफ.

आणि उन्हाचं फार कौतुक चाललंय म्हणून सांगते. आयुष्यात सगळ्यात जास्त थंडी मला कुठे वाजली असेल तर बेनाल्मादेनाच्या फ्लॅटमध्ये, जानेवारीत, घराच्या आत.

झंप्या_००७

काहीही! मालागात जानेवारीत दिवसा सरासरी १७, रात्री ७-८. याला थंडी म्हणतात? आम्ही उणे पंधरात राहतो. स्वेटर घाला ताई.

सावनी_मार

झंप्याभाऊ, तुमच्या उणे पंधरात घरात हीटिंग असतं. माझ्या घरात संगमरवरी फरशी होती आणि एक पंखा. बाहेर लोक टी-शर्टवर कॉफी पितायत आणि मी आत टोपी घालून भांडी घासतेय. कपाट भिंतीपासून सरकवलं तर मागे काळ्या बुरशीचा नकाशा. चामड्याच्या चपला हिरव्या झालेल्या. दुपारी घरापेक्षा बाल्कनीत जास्त ऊब. आधी राहून बघा, मग स्वेटर सुचवा.

ओळंबा

ताई अगदी बरोबर बोलतायत, आणि त्याला कारण आहे. मी बांधकामातला, त्यामुळे हा माझा आवडता विषय, सहन करा.

तोर्रेमोलिनोसपासून पुढची कितीतरी बांधणी ६०-७० च्या दशकांतल्या पर्यटनाच्या लाटेतली. उन्हाळ्यात पंधरा दिवस येणाऱ्या पाहुण्यासाठी बांधलेली घरं. इमारतीत उष्णता टिकवण्याचा पहिला राष्ट्रीय नियम १९७९ चा, आजचा बांधकाम कायदा २००६ चा. १९७९ च्या आधीच्या इमारतीत दोन विटांच्या मध्ये नुसती हवा, खिडकीला एकेरी काच, अॅल्युमिनियमची चौकट थेट बाहेरच्या थंडीला जोडलेली. समुद्राचा दमटपणा आत येतो, गार भिंतीवर पाणी धरतं, बुरशी तिथे. दोष हवामानाचा नाही, भिंतीचा आहे. घर बघायला जाल तेव्हा समुद्र नंतर बघा, उत्तरेकडच्या खोलीचा कोपरा आधी बघा. नुकताच रंग दिलेला असेल तर का दिलाय ते विचारा.

झंप्या_००७

मग हीटर लावा! एवढा प्रबंध कशाला?

निवडुंग

हीटर लावा म्हणे. मीटरवर किती किलोवॉट घेतलेत ते बघितलंय कधी? आमच्याकडे ३.४५ होते. हीटर आणि ओव्हन एकदम लावला की खट्, सगळं घर अंधारात. जास्त घ्यायचे तर बिलाचा स्थिर भाग वाढतो. शिवाय २०२१ पासून वेळेनुसार विजेचे तीन दर. संध्याकाळी ६ ते १० सगळ्यात महाग, म्हणजे नेमकी थंडी वाजायची वेळ. आम्ही ब्युटेनची नारिंगी टाकी आणि चाकांचा स्टोव्ह घेतला. टाकी दारात मिळते, भाव सरकारी, मस्त उबदार.

ओळंबा

निवडुंग, हात जोडतो, हे कोणाला सुचवू नका. ब्युटेन जळताना खोलीत पाण्याची वाफ सोडतो, म्हणजे बुरशीला आणखी खाद्य. आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडने माणसं मेली आहेत. खिडकी फटीभर उघडी नसेल तर लावूच नका.

निवडुंग

खिडकी उघडी ठेवून शेकोटी करायची? मग बाहेरच बसतो की. आमच्या शेजारची आजी जन्मभर तोच स्टोव्ह वापरते, ठणठणीत आहे. पुस्तकी माणसांना सगळीकडे मरणच दिसतं.

ओळंबा

आजी ठणठणीत आहे कारण तिच्या खिडक्या इतक्या जुन्या आहेत की बंद होतच नाहीत. तुम्ही नव्या लावल्यात ना? मग आजीचा दाखला तुम्हाला लागू नाही. यावर मी थट्टा करत नाहीये.

काटेकोर

धागा नोकरीचा होता. स्टोव्हवाल्यांनी वेगळा काढावा ही नम्र विनंती.

उनाडपंत

काटेकोर, तुमच्याच बाजूचे लोक धागा पळवतायत, मी गप्प आहे, नोंद घ्यावी.

सावनी_मार

वेगळा कशाला? हे नोकरीचंच आहे. नव्याने कामाला येणाऱ्याला घर मिळतं कधी? सप्टेंबर ते जून. उन्हाळ्यात तेच घर पर्यटकाला आठवड्याच्या भावाने जातं. म्हणजे बुरशीचे महिने तुमचे, समुद्राचे त्यांचे. जूनमध्ये, ऐन हंगामात, जेव्हा हॉटेलं माणसं शोधत असतात, तेव्हाच तुमचं सामान रस्त्यावर. माझ्याबरोबर एजन्सीत काम करणारी मुलगी दर जूनला मैत्रिणीच्या सोफ्यावर जायची. दिवसभर लोकांना व्हिला दाखवायची, रात्री सोफा.

आणि तो कागद सही करताना नीट वाचा. त्यावर ‘तेंपोरादा’ (हंगामी) लिहिलं असेल तर नेहमीच्या भाडेकराराला मिळणारं पाच वर्षांचं संरक्षण गेलं. २०२३ च्या कायद्याने राहत्या घराच्या करारात एजंटची फी मालकाने द्यायची, म्हणून तर जो तो हंगामी करार पुढे करतो.

काटेकोर

हे मात्र मला लिहायला हवं होतं. विनंती परत घेतो, स्टोव्ह चालू द्या. बंद खोलीत नको फक्त.

उनाडपंत

ठीक आहे बुवा. माझ्या लिखाणात बदल केलाय. आता वाक्य असं आहे : “युरोपीय पासपोर्ट, किंवा मास्टर्सची फी, किंवा बाहेरून येणारा पगार, किंवा आयटीतला नवरा असेल तर काम मिळतंच, नसल्यास काटेकोर साहेबांना विचारा, ते नाही म्हणतील.” समाधान?

पण एक सांगतो, मला कोणी ती सरकारी यादी आधी वाचून दाखवली असती तर मी आलोच नसतो. आणि मला इथे फार बरं वाटतं. त्या बीच बारचा मालक अजून फुकट सार्डिन देतो.

काटेकोर

पंत, तुम्ही यादी वाचली असतीत तरी आला असतात, कारण तुम्ही विद्यार्थी म्हणून आलात, यादीचा संबंधच नव्हता. तेच तर तीन प्रतिसाद सांगतोय. सार्डिनबद्दल अभिनंदन.

झंप्या_००७

एक विचारू का? मार्चमध्ये एस्तेपोनाला बदली होतेय. हसू नका. दमटपणा शोषणारा डीह्युमिडिफायर किती लिटरचा घ्यावा?

ओळंबा

वीसचा. नळी जोडता येईल असा बघा, नाहीतर टाकी रोज हाताने ओतायला लागते. आणि त्या आधी कोपरा बघा.