पसार पागी: मलेशियातल्या सकाळच्या बाजारातलं खाणं (अनुभव धागा)

ओलं_खोबरं
नारळीभात शिजत होता. अन्नपूर्णेचं (पांडनचं) पान गाठ मारून भातात टाकलं होतं. झाकण काढलं आणि एकदम पिनांगची सकाळ डोळ्यांसमोर आली. नासी लेमाकची पुडी सोडली की हाच वास येतो. म्हणून हा धागा. ज्यांना मलेशियातल्या सकाळच्या बाजाराची, म्हणजे पसार पागीची, चांगली माहिती आहे त्यांनी लिहा. 'मस्त होतं' एवढ्यावर थांबू नका. काय मागायचं, आत काय असतं, कुठे फसगत होते ते सांगा.

सुरुवात मी नासी लेमाकपासून करते. केळीच्या पानात आणि वर कागदात बांधलेली पुडी असते. आत नारळाच्या दुधातला भात, सांबाल (मिरचीचं तिखट वाटण), तळलेले इकान बिलिस, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, उकडलेल्या अंड्याची फोड. इकान बिलिस म्हणजे मांदेलीच्या कुळातलेच बारीक सुके मासे. पुडी सकाळी लवकर घ्यावी. उशिरा घेतली तर वाफेने शेंगदाणे आणि मासे मऊ पडलेले असतात, आणि या पदार्थाची सगळी मजा त्या कुरकुरीतपणात आहे.

सुकट_बोंबील
सांबालवर चार शब्द हवेतच. त्यातलं बलाचान म्हणजे आपला जवळा हो! मीठ लावून, वाळवून, कुटून, आंबवून केलेल्या वड्या. कच्चं बलाचान थेट वाटणात टाकलं तर उग्र लागतं, आधी तव्यावर कोरडं भाजायचं. प्रमाण: 20-25 सुक्या मिरच्या बिया काढून भिजवलेल्या, 2 मोठे कांदे, 1 चमचा भाजलेलं बलाचान, अर्धी वाटी तेल, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, 2 चमचे गूळ. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, तेल कडेने सुटेपर्यंत. लोक तेलात काटकसर करतात आणि वाटण करपतं. किंवा घाई करतात आणि मिरची कच्ची राहते, मग घशाशी जळजळतं. मिरच्या भिजवलेलं पाणी ओतून द्या, वाटणात घेऊ नका, कडू होतं.

पानगी
आणि भात? नारळाच्या दुधात थेट शिजवला की खाली लागतो आणि वरचा टणक राहतो.

ओलं_खोबरं
बरोबर. घट्ट दूध पहिल्यापासून घातलं की असंच होतं. 2 वाट्या तांदूळ तासभर भिजवून निथळायचे, दीड वाटी पाणी, आल्याच्या 3-4 चकत्या आणि पान घालून शिजवायचे. पाणी आटलं की पाऊण वाटी घट्ट दुधात मीठ विरघळवून वरून ओतायचं, काट्याने हलकेच मोकळं करायचं, मग 10 मिनिटं दमावर. तिकडे बरेच विक्रेते भात वाफवूनच करतात, मध्ये दूध चोळतात आणि पुन्हा वाफवतात. म्हणून शीत न् शीत सुटं राहतं.

चहाबाज
कोपीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून? नुसतं 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कवाली गोड कॉफी येते. कोपी-ओ म्हणजे काळी, साखर असलेली. कोपी-सी म्हणजे आटवलेलं बिनसाखरी दूध आणि वर साखर. साखर नकोच असेल तर 'कोसोंग', कमी हवी तर 'कुरांग मानिस', कडक हवी तर 'काव', बर्फ घालून हवी तर 'पेंग'. हे शब्द एकामागे एक जोडत जायचं, 'कोपी-ओ कोसोंग पेंग' असं. बिया साखर आणि मार्गारीन घालून भाजतात, त्यामुळे रंग डांबरासारखा आणि चवीला जळक्या साखरेचा कडवटपणा. फिल्टर कॉफीची अपेक्षा ठेवून गेलात तर पहिला घोट परका वाटेल. दुसऱ्या कपाला जीभ बसते.

तवा_तापलाय
टेबलाचा नियम लक्षात ठेवा. कोपितियाममध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानात, जागा मालकाची, पेयंही मालकाची, खाण्याच्या गाड्या वेगवेगळ्या लोकांच्या. टेबलावर बसलात की पेय मालकाकडूनच घ्यायचं. खाणं चार गाड्यांवर जाऊन सांगायचं, टेबलाचा नंबर द्यायचा, ताट आलं की ज्याचे त्याला पैसे. सगळ्यांचं एक बिल होत नाही. सुटे पैसे हवेतच, 1 आणि 5 रिंगिटच्या नोटा. मोठी नोट सकाळी सात वाजता पुढे केली तर गाडीवाल्याची पंचाईत होते.

डिसेंबरची_तिकिटं
वाचतोय, साठवून ठेवतोय. आईबाबांना घेऊन डिसेंबरात जायचं आहे. दोघं मासमच्छी तर सोडाच, अंडंही खात नाहीत. सकाळच्या बाजारात काय मिळेल? आईला तर नुसती चहा-बिस्किटांवर दिवस काढायची भीती बसलीय.

पानगी
आईंना सांगा, काळजी करू नका. पण तिथे 'भाजी' दिसली म्हणून शाकाहारी समजायचं नाही हे पक्कं करा. कांगकुंगची हिरवीगार पालेभाजी बलाचानमध्ये परततात. पिनांगचं ची चोंग फन बघा, तांदळाच्या पिठाच्या मऊ सुरळ्या, वर काळा सॉस आणि तीळ. मांसाचा तुकडाही दिसत नाही. पण तो काळा सॉस कोळंबीचा. सांबाल 'काढून द्या' म्हणण्यातही अर्थ नाही, तोच चमचा सगळीकडे फिरतो. केळ्याची भजी, पिसांग गोरेंग, वाटतात निर्धोक, पण त्याच कढईत माशाचे वडे तळलेले असू शकतात. 'आदा उदांग? आदा इकान?' असं आधी विचारायचं, म्हणजे कोळंबी आहे का, मासे आहेत का. अंड्यासाठी 'आदा तेलुर?'

खायचं काय ते आता. पुतु मायाम डोळे मिटून घ्या. आपले तांदळाचे शेवयांचे जाळीदार घावन, इडियप्पम. तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, वर ओलं खोबरं आणि तांबूस साखर. तमिळ गाड्यांवर थोसाई (म्हणजे डोसा), इडली मिळते. पुलुत इंती म्हणजे चिकट तांदळाचा भात आणि वर गुळाचं सारण, पानात बांधलेलं. ओंदे-ओंदे म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे उकडलेले छोटे गोळे, आत वितळलेला गूळ. ओंदे-ओंदे अर्धवट चावू नका, आख्खा तोंडात टाका आणि ओठ मिटून चावा, नाहीतर गूळ सदऱ्यावर उडतो.

सकाळची_गाडी
पिवळी पाटी शोधा. चिनी शाकाहारी गाड्यांवर '斋' किंवा '素' ही अक्षरं असतात. त्या बौद्ध पद्धतीच्या, कांदा-लसूणही नसतो, म्हणजे जैन मंडळींनाही बरं. चिनी महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला तिथे गर्दी होते. मात्र सोयाचं 'मांस' इतकं हुबेहूब असतं की आईबाबा दचकतील, आधी सांगून ठेवा. काही गाड्यांवर अंडं असतं, विचारून घ्या.

तवा_तापलाय
रोटी चनाय राहिलं की. नुसती म्हणजे 'कोसोंग', कांद्याची 'बावांग', अंड्याची 'तेलुर'. पिठात कुठे अंडं घालतात, कुठे नाही. डाळीतही घोळ आहे: साधी डाळ चालेल, पण 'डाल्चा' म्हटलं की मटणाची हाडं घातलेली असू शकतात.

कृती हवी असेल त्यांच्यासाठी. 1 किलो मैदा, अर्धा लिटरच्या आसपास पाणी, चमचाभर मीठ, 2 चमचे कंडेन्स्ड मिल्क, थोडं तूप. मळून गोळे करायचे, तुपात किंवा मार्गारीनमध्ये अक्षरशः बुडवून किमान 6 तास झाकून ठेवायचे. सगळं गुपित या मुरण्यात. दोन तासांत लाटायला घेतलं तर पीठ रबरासारखं मागे सरकतं आणि ओढलं की फाटतं. नीट मुरलं की ओट्यावर आपटून, फिरवून, पलीकडचा ओटा दिसेल इतकं पातळ होतं. मग दुमडून चौकोन किंवा गुंडाळून चक्री. तव्यावरून काढल्यावर शेवटची गोष्ट लोक विसरतात: गरम असतानाच दोन्ही तळव्यांनी कडेकडून मध्याकडे टाळी वाजवल्यासारखी दाबायची. पदर तेव्हा सुटतात. गार झाल्यावर दाबून काही होत नाही.

ओलं_खोबरं
@तवा_तापलाय किती नेमकं लिहिलंत. मैदा आणलाच म्हणायचा.

कोकमाचं_आगळ
मी फक्त आसाम लाक्सासाठी आले, म्हणजे माशाच्या आंबट रश्श्यातल्या शेवया. त्यातली आंबट चव दोन गोष्टींची. एक चिंच, दुसरी आसाम केपिंग. नावात चिंच आहे ('आसाम' म्हणजे आंबट, चिंच) पण ते चिंचेचं नाहीच, एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या आहेत, आणि ते झाड गार्सिनिया कुळातलं, म्हणजे आपल्या कोकमाचं चुलत भावंड! बांगड्याच्या जातीचा मासा शिजवून काटे काढून रश्श्यात मोडतात, त्यामुळे रस्सा दाट होतो, पिठाने नाही. वर काकडी, कांदा, अननस, पुदिना आणि बुंगा कांतान, म्हणजे आल्याच्या जातीची गुलाबी कळी बारीक चिरून. ती कळी नसेल तर तो लाक्सा अर्धाच. सोबत चमच्यात हाय को येतं, कोळंबीचं काळं दाट सार. सगळं एकदम ढवळू नका, आधी रस्सा चाखा, मग अर्धा चमचा, मग बघा. खारट झालं की मागे फिरता येत नाही.

सुकट_बोंबील
कोकमताई, मासा मोडून दाट करायची युक्ती बांगड्याच्या तिखल्याला करून बघायला हवी.

कोकमाचं_आगळ
करा, पण बांगडा ताजाच हवा. शिळ्याचा वास रश्श्यात चौपट होतो.

रानहळद
पूर्व किनारा विसरू नका. कोता बारूचा पसार सिती खदीजा, जिथे विकणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच. तिथला नासी केराबू म्हणजे निळा भात. रंग गोकर्णीच्या फुलांचा. सुकी फुलं गरम पाण्यात भिजवून त्या पाण्यात भात. पाण्यात लिंबू पिळलंत तर जांभळा होतो, म्हणून लिंबू ताटात आल्यावर. वर तळलेला मासा, बारीक चिरलेला कच्चा पाला आणि केरिसिक. केरिसिक म्हणजे खोबरं कोरडं खरपूस भाजून तेल सुटेपर्यंत कुटलेलं. मालवणी वाटणाची सवय असलेल्याला ते लगेच ओळखीचं लागतं. पण डिसेंबरची तिकिटं असतील तर तिकडे नको, ईशान्य मान्सूनचा पाऊस असतो. पिनांग, क्वालालंपूरच बरं.

डिसेंबरची_तिकिटं
बरं झालं सांगितलंत, कोता बारूला दोन रात्री ठेवल्या होत्या. बदलतो.

सकाळची_गाडी
वेळेचं: सात ते साडेनऊ सोनं. अकराला गाड्या आवरायला घेतात. अनेक बाजार सोमवारी अर्धे बंद. रमजानात मुसलमान विक्रेत्यांच्या गाड्या सकाळी नसतात, त्यांचे बाजार दुपारनंतर भरतात. टिश्यू जवळ ठेवा. खाताना आणि पैसे देताना उजवा हात. पदार्थ दाखवताना तर्जनी नको, मूठ मिटून उजवा अंगठा पुढे करतात.

बटाटेवडा_प्रेमी
चार कोय त्याव कोणी घेत नाही का? एवढी रांग का असते त्याला?

तवा_तापलाय
कारण चांगला गाडीवाला एका वेळी एक-दोन ताटंच परततो. कढई धगधगती हवी, त्यावर तांदळाच्या रुंद शेवया, कोळंबी, अंडं, मोड, चायनीज लसणीची पात, फटाफट. पाच ताटांचं एकदम टाकलं तर कढई गार पडते, शेवया पाणी सोडतात आणि परतण्याऐवजी शिजतात. मग हवा असतो तो जळका वास येतच नाही. त्यात डुकराची चरबी असते हे जाणून घ्या. शिंपल्या, 'केरांग', अर्ध्या कच्च्या घालतात, पोट नाजूक असेल तर 'ताक नाक केरांग' म्हणा.

चहाबाज
2024 मध्ये युनेस्कोने मलेशियाची ही न्याहारीची रीतच वारशात घेतली, नासी लेमाक, रोटी चनाय, तेह तारिक (उंचावरून ओतून फेसाळलेला दुधाचा चहा) सगळ्यासकट. पिनांगचं जॉर्ज टाउन शहर तर 2008 पासून जागतिक वारसा. आणि तिथल्या एका जुन्या बाजाराचं नाव चौरस्ता! वाचून किती आपलं वाटतं.

पानगी
मलय भाषेतला 'गुला' (साखर) हा शब्द म्हणजे आपला गूळच की. संस्कृतातूनच गेलाय. गुला मेलाका माडाचा, गोव्यात माडाचं गोड मिळतं तसाच. घरी ओंदे-ओंदे करायला तेच वापरा. उसाचा गूळ उकळल्यावर तितका पटकन पाघळत नाही. बारीक किसून भरा, खडे नकोत.

सायंकाळ_बाल्कनी
विषय सोडून विचारते, अन्नपूर्णेचं झाड माझ्याकडे आहे पण पानाला वासच नाही. काय चुकतंय?

ओलं_खोबरं
काही चुकत नाही. ताज्या उभ्या पानाला वास कमीच. तोडून तासभर ठेवा, मग चुरगाळून गाठ मारा. आंबेमोहोराला जो वास असतो तोच घटक त्यात. झाडाला पाणी भरपूर, ऊन अर्धवट. बुंध्याशी फुटवे येतात, मुळासकट काढून लावा, बी धरत नाही. पुण्याच्या थंडीत वाढ थांबते, तेव्हा खत घालू नका.

सायंकाळ_बाल्कनी
आत्ताच दोन पानं तोडून ठेवली.

पोह्यांवर_लिंबू
अपाम बालिकचं (दुमडलेल्या गोड घावनाचं) कोणी लिहा ना, पोरं मागे लागलीत. माझं जाळीदार होतच नाही.

सकाळची_गाडी
1 वाटी मैदा, पाव वाटी तांदळाचं पीठ, 1 अंडं, 2 चमचे साखर, पाव चमचा खायचा सोडा, सव्वा वाटी पाणी. तासभर झाकून ठेवा. जाड बुडाचा तवा, मध्यम आच, कडेने पातळ फिरवा म्हणजे कड कुरकुरीत. वर भोकं पडेपर्यंत थांबा, मगच साखर. आधी घातली तर साखर खाली उतरून चिकटते. मग भरड शेंगदाणे, मक्याचे शिजलेले दाणे, लोण्याचे तुकडे, 2 मिनिटं झाकण, दुमडा. तवा फार तापला तर भोकं पडायच्या आत वर कातडी धरते, तुमचं तेच होत असेल. सोडा वाढवू नका, साबणासारखी चव येते.

पोह्यांवर_लिंबू
हो!! आच मोठीच ठेवत होते. धन्यवाद.

बटाटेवडा_प्रेमी
पार्सल कॉफी प्लास्टिकच्या पिशवीत देतात म्हणे, खरंय? हात भाजत नाही?

चहाबाज
खरंय. 'बुंगकुस' म्हणायचं. पिशवीच्या एका कोपऱ्याला दोरीचा फास असतो, तिथेच धरायचं, पिशवीला हात लावायचा नाही. स्ट्रॉ घालून मिळते. गरम असेल तर पहिली पाच मिनिटं स्ट्रॉने ओढू नका, जीभ पोळते. मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेल्या दिसतील.

पानगी
कोपीचं ते लांब कापडी गाळणं कुठे मिळेल इथे?

चहाबाज
वेगळं शोधायला नको, आपल्या चहाच्या गाडीवरचं कापडी गाळणं चालतं, थोडं खोल बघून घ्या. नवं असेल तर कॉफीचा चोथा घालून 10 मिनिटं उकळा, कोऱ्या कापडाचा वास जातो. नंतर धुताना फक्त उकळतं पाणी, साबण अजिबात नाही. कापड तो वास सोडत नाही.