जुन्या कॉम्प्युटरचं नेट बंद पडलं, तेव्हा बिघाड कुठे सापडला?

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचं नेट बंद पडलं की दुरुस्तीवाला बघताक्षणी सांगतो, "फॉरमॅट मारावा लागेल." मला हे अजिबात पटत नाही. त्यात आईच्या बचतगटाचे हिशेब असतात, लग्नामुंजींचे फोटो असतात, दुकानाची टॅलीतली मागची वर्षं असतात. नेट चालत नाही म्हणून ते सगळं पणाला का लावायचं? भिंतीतल्या वायरपासून ब्राउझरपर्यंत बिघडण्यासारख्या जागा बऱ्याच आहेत आणि प्रत्येक जागेचं लक्षण वेगळं. तेव्हा तुमच्या घरी असं झालं असेल, तर लक्षण काय होतं आणि कारण कशावरून हाती लागलं, ते सविस्तर लिहा. कंपन्यांची उणीदुणी नकोत.

सुरुवात मी करते, पुढे गावोगावच्या वाचकांचे अनुभव. साताऱ्याला आईबाबांकडे विंडोज ७चा डेस्कटॉप आहे. बाबांचा फोन आला की नेट गेलं, पण मोबाइलवर वायफाय चालू आहे. एकही साइट उघडेना, सगळीकडे "कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा.

"बाबा, उजवीकडे खाली घड्याळ आहे ना, त्यात तारीख काय दिसतेय?"

"एक जानेवारी दोन हजार नऊ. अगं, रोज सकाळी चालू केला की हेच दाखवतो. मी म्हटलं, असेल."

तिथेच उलगडा झाला. सुरक्षित साइट उघडताना ब्राउझर तिच्या प्रमाणपत्राची, म्हणजे साइटच्या डिजिटल ओळखपत्राची, मुदत तपासतो. कॉम्प्युटर २००९ सालात असेल, तर आजच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही असं त्याला दिसतं आणि तो साइट अडवतो. तारीख हाताने बदलली की सगळं सुरळीत, पण रात्री मेन बटण बंद केलं की पुन्हा २००९. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो संपला होता. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बाबांनी प्लग काढला, व्हिडिओ कॉल लावून जुना सेल नखाने उचलला आणि अधिक खुणेची बाजू वर ठेवून नवा बसवला. मग तारीख एकदा भरली ती टिकली.

डोंबिवली

आमच्याकडे नवीन कनेक्शन घेतलं. मोबाइल चालले, सासऱ्यांचा कॉम्प्युटर मात्र अडला. जोडणीवाला म्हणाला, "मशीनच जुनं आहे." मशीन ठीकच होतं. आधीच्या केबलवाल्याने लॅनच्या (केबलने जोडलेल्या नेटच्या) सेटिंगमध्ये आयपी पत्ता (नेटवर्कमधला कॉम्प्युटरचा नंबर) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधणारी सेवा) हाताने भरून ठेवले होते. नवा राउटर वेगळ्या मालिकेतले पत्ते देत होता, त्यामुळे दोघांची गाठच पडत नव्हती. पत्त्यासाठी "आपोआप घ्या" हा पर्याय निवडला. त्यानंतर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पिंग ८.८.८.८ दिलं, म्हणजे नेटवरच्या गूगलच्या पत्त्याला हाक मारून बघितली, तर उत्तर येत होतं, पण साइटचं नाव दिलं की काही नाही. म्हणजे लाइन चालू आणि नाव शोधणारा डीएनएस तेवढा चुकीचा. तोही आपोआपवर टाकला आणि नेट आलं. मी हा क्रम कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवलाय: आधी राउटरला पिंग, मग ८.८.८.८ला, मग नावाला. जिथे उत्तर थांबतं तिथे बघायचं.

आणि पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, विंडोजने तो स्वतःच घेतलाय असं समजा. अशा वेळी केबल आणि राउटर बघा, ब्राउझरमध्ये शोधत बसू नका.

परभणी

सीपीयूच्या मागे जिथे लॅनची केबल खोचतो, तिथले दोन बारके दिवे आधी बघावेत. आमच्याकडे दोन्ही विझलेले. कपाटामागे उंदराने केबल कुरतडली होती. केबलमध्ये आठ तारा असतात, पण जुनं १०/१००चं (सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंतचं) लॅन कार्ड १, २, ३ आणि ६ या चारच वापरतं. यातली एक जरी तुटली तरी खेळ खलास.

नाशिक

धाकट्या भावाने अमेरिकेहून आणलेला जुना लॅपटॉप. एके दिवशी त्यात आमचं वायफाय दिसेनासं झालं, शेजाऱ्यांची सगळी दिसत होती. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, काही फरक नाही. शेवटी राउटरच्या पानावर गेलो, तर त्याने स्वतःहून चॅनल १३ (वायफायच्या लहरींच्या ठरलेल्या पट्ट्यांपैकी तेरावा) घेतलेलं. आपल्याकडे ते चालतं, पण अमेरिकेत सर्रास १ ते ११ वापरतात आणि तिथल्या बऱ्याच कार्डांना पुढचे चॅनल दिसतच नाहीत. चॅनल ६ कायम केलं, झालं काम. नवीन राउटर घेतलेल्यांनी आणखी दोन गोष्टी बघा: ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जुन्या कार्डांना बहुधा दिसत नाही, आणि सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए ३ (वायफायच्या पासवर्डची नवी पद्धत) ठेवली तर ती जोडली जात नाहीत. २.४चा पट्टा वेगळ्या नावाने आणि डब्ल्यूपीए २वर ठेवा.

कुडाळ

मे महिन्यात संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की आमच्याकडे टीव्हीचा प्लग काढतात, कॉम्प्युटरचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. वीज जवळच पडली आणि लॅनचा पोर्ट गेला. कॉम्प्युटर उत्तम चालू, फक्त केबल लावलेली त्याला कळेना. "आमची लाइन तर फायबरची आहे," असं सगळे म्हणतात. काचेच्या तंतूतून वीज येत नाही हे खरं, पण फायबर ज्यात येतो त्या डब्याचा अडॅप्टर विजेच्या बोर्डात असतो आणि डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत तांब्याची तार असते. दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणत होता. यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर आणला आणि काम भागलं. आता प्लगबरोबर ती केबलही काढतो.

इचलकरंजी

अँटीव्हायरसची मुदत संपली म्हणून तो काढून टाकला आणि नेटही त्याच्याबरोबर गेलं. पिंगला उत्तर येत होतं, ब्राउझर मात्र रिकामा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडून "नेटश विनसॉक रिसेट" (netsh winsock reset) ही नेटची सेटिंग मूळ पदावर आणणारी आज्ञा दिली, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, आलं. त्याआधी इंटरनेट ऑप्शन्समध्ये प्रॉक्सीची (नेट मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमार्फत वळवण्याची) खूण आहे का तेही बघावं. फुकटची सॉफ्टवेअर ती गुपचूप लावून जातात.

बेंगळुरू

३० सप्टेंबर २०२१ला आमच्या जुन्या मॅकवर सफारीत कितीतरी साइट एकदम बंद झाल्या. साइटना फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या सेवेच्या प्रमाणपत्रांना आधार देणाऱ्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी संपली आणि नवं आमच्या मॅकमध्ये नव्हतं. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं बरोबर बाळगतो, त्यामुळे त्यात सगळं उघडत होतं. एका ब्राउझरने साइट अडवल्या तर आधी दुसरा लावून बघा.

अकोला

माझे वडील निवृत्त शिक्षक. त्यांच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं. त्यावर क्रोम १०९च्या पुढे जात नाही, त्यामुळे काही साइट अर्धवट उघडायच्या आणि त्यांना वाटायचं नेट गेलं. मी पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) घेतलं आणि हार्ड डिस्कला हात न लावता त्यावरून कॉम्प्युटर चालू केला. त्याच केबलवर सगळं धडाधड उघडलं, म्हणजे लाइन आणि कार्ड दोन्ही शाबूत. सगळ्या फायलींची प्रत काढून घेतली आणि मिंट विंडोजच्या शेजारीच बसवलं. आता नेटचं सगळं मिंटमध्ये होतं. विंडोजमध्ये त्यांची जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिकांची फोल्डरं आहेत, ती तशीच राहू दिली आणि तिकडचं नेट बंद करून ठेवलं.