मत्स्यपालनाने गरिबाची भूक खरोखर कमी होते का? बांगलादेशाच्या अनुभवाविषयी

वैनगंगाकाठ (भंडारा) यांचा प्रश्न:

नमस्कार. आमची संस्था भंडारा जिल्ह्यातील काही गावांमध्ये महिला बचत गटांबरोबर काम करते. गावालगतच्या लहान तळ्यांत आणि बोड्यांत (पावसाचे पाणी साठवणाऱ्या छोट्या तळ्यांत) मत्स्यपालन सुरू करावे, असा प्रस्ताव आम्ही तयार करीत आहोत. त्यासाठी वाचन करताना जवळजवळ प्रत्येक ठिकाणी बांगलादेशाचा दाखला मिळतो. मत्स्यपालनामुळे तेथील गरिबी हटली आणि कुपोषण कमी झाले, असे सांगितले जाते. परंतु हे घडले कसे, याचा उलगडा फारसा कोठे होत नाही.

माझ्या मनात दोन शंका आहेत. मासा वाढवायचा तर तळे हवे आणि तळ्यासाठी जमीन हवी; जो खऱ्या अर्थाने गरीब आहे, त्याच्याकडे नेमकी तीच नसते. मग तेथे लाभ कोणाला झाला? तळ्याच्या मालकाला, तळ्यावर राबणाऱ्या मजुराला, की बाजारात मासा विकत घेणाऱ्याला? दुसरी शंका अशी, की वाढवलेला मासा विकून पैसे आले, तरी त्या घरातील मुलांच्या ताटात काही पडते का? ज्यांनी या विषयात काम किंवा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. देणगीदारांपुढे केवळ यशोगाथा मांडणे मला योग्य वाटत नाही, कारण उद्या प्रस्ताव फसला तर नुकसान त्या बायकांचे होणार आहे.

मत्स्यबीज (रत्नागिरी) यांचे उत्तर:

आपली पहिली शंका रास्त आहे. तिचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल, कारण बांगलादेशात एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत.

पहिली गोष्ट घराशेजारच्या खड्ड्यांची. हा देश पूरमैदानावर वसलेला असल्यामुळे घराचे जोते उंच करावे लागते आणि त्यासाठी लागणारी माती शेजारीच खणली जाते. रस्त्याचा भराव घालतानाही दोन्ही बाजूंना असेच लांबट खड्डे तयार होतात. त्यांत वर्षातील काही महिनेच पाणी राहते आणि बहुतेक वेळा त्यावर जलपर्णी माजलेली असते. अशा पाण्यात मासा वाढू शकेल, असे कोणाला वाटत नव्हते. आंध्र प्रदेशातील बापटला येथे जन्मलेले मत्स्यशास्त्रज्ञ मोदाडुगू विजय गुप्ता १९८६ मध्ये बांगलादेशात गेले आणि त्यांनी याच दुर्लक्षित पाण्यावर लक्ष केंद्रित केले. कटला किंवा रोहू विक्रीच्या आकाराचा होण्यास बराच काळ लागतो. त्यांनी निवडलेले तिलापिया आणि राजपुटी हे मासे मात्र तीन-चार महिन्यांत खाण्याजोगे होतात. खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि स्वयंपाकघरातील उरलेसुरले. खत म्हणजे शेण. त्यामुळे रोख खर्च जवळजवळ बीजापुरताच, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांपुरताच, उरला. खड्डा अंगणालगत असल्याने बायकांना घर सोडून कोठे जावे लागले नाही. भूमिहीनांच्या गटांनी रस्त्याकडेचे खड्डे खंडाने घेतले. या कामासाठी गुप्ता यांना २००५ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. जमीन नसलेल्याला मत्स्यपालन करता येते, ते अशा पाण्याच्या आधारे.

दुसरी गोष्ट आकाराने कितीतरी मोठी आहे. मैमनसिंग भागात भातखाचरे खणून मोठमोठी तळी करण्यात आली आणि त्यांत पंगास व तिलापिया यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. त्याच्या मागोमाग बीजकेंद्रे, खाद्याचे कारखाने, बर्फ आणि वाहतूक असा सारा पसारा उभा राहिला. ही तळी बहुधा खाऊनपिऊन सुखी असलेल्या शेतकऱ्यांची आहेत, अतिगरिबांची नव्हेत. तरीही गरिबांना लाभ झाला, तो दोन वाटांनी. एक म्हणजे तळी खणणे, जाळे ओढणे, मासळी वाहून नेणे अशी मजुरी वाढली. दुसरे म्हणजे मासळी मुबलक झाल्यामुळे ती गरिबाच्या आवाक्यात राहिली. २००० ते २०१० या दशकात बांगलादेशात सुमारे १ कोटी ८० लाख लोक दारिद्र्यातून बाहेर पडले आणि त्यांपैकी वीस लाखांहून अधिक लोकांच्या बाबतीत मत्स्यपालनाचा वाटा होता, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा मोठा आहेच. पण त्यातला बराचसा परिणाम बाजारातून झालेला आहे, हे आपल्या प्रस्तावात स्पष्ट लिहावे, असे मला वाटते. दहा-वीस बोड्यांतील मासळीमुळे जिल्ह्यातील मासळीचा भाव उतरणार नाही. तेव्हा आपल्याला उपयोगी आहे ती पहिली गोष्ट.

बीजाविषयीही दोन शब्द लिहितो, कारण सारे गणित तेथेच अडते. पूर्वी कटला, रोहू यांसारख्या कार्प माशांचे बीज नदीतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या माशांची पिल्लेही येत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तो दिवस आपण आजही मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. बांगलादेशात खेडोपाडी खासगी बीजकेंद्रे पोहोचली आणि डोक्यावर हंडा घेऊन बीज विकत फिरणारे फेरीवाले तयार झाले, तेव्हाच लहान तळेवाल्याला वेळेवर बीज मिळू लागले. आपल्या गावांपर्यंत बीज कोण आणि कोणत्या महिन्यात पोहोचवणार, हे आधी ठरवावे.

पोषणविचार (नाशिक) यांचे उत्तर:

दुसऱ्या शंकेविषयी लिहिते. बांगलादेशातील एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि यशोगाथांमध्ये तो सहसा सांगितला जात नाही. १९९१ ते २०१० या काळात तेथील लोकांच्या आहारातील मासळी सुमारे ३० टक्क्यांनी वाढली; मात्र त्याच काळात मासळीतून मिळणारे लोह आणि कॅल्शियम घटले. कारण असे, की पाळलेल्या माशांचे प्रमाण वाढले आणि नदी-नाले, खाचरे, दलदली यांतील नैसर्गिक मासळीचे सेवन एक तृतीयांशाने घसरले. लोक मासे अधिक खाऊ लागले आणि तरीही काही पोषणद्रव्यांना मुकले.

हे समजून घेण्यासाठी मोला या बोटाएवढ्या लहान माशाकडे पाहावे. त्याच्या १०० ग्रॅम खाद्यभागात अ जीवनसत्त्व २,५०० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळते. चंदेऱ्यासारख्या (सिल्व्हर कार्प) पाळीव माशात ते नाममात्र असते. मोलामधील हे जीवनसत्त्व मुख्यतः डोळ्यांत आणि आतड्यांत साठलेले असते. म्हणजे मासळी साफ करताना डोके उडवले आणि पोट पिळून टाकले, की जे हवे होते तेच उकिरड्यावर जाते. कॅल्शियमचेही तसेच. लहान मासा काट्यांसकट चावून खाल्ला जातो, म्हणून हाडांतील कॅल्शियम पोटात जाते. मोठ्या रोहूचे काटे ताटाच्या कडेला पडतात. वाढण्याच्या रीतीचाही विचार करावा. मोठ्या माशाच्या तुकड्यांपैकी चांगला तुकडा घरातील पुरुषाच्या ताटात जातो, पण लहान मासळीचे कालवण पळीने वाढले जाते आणि त्यात लहान मुलीच्या वाट्यालाही अख्खा मासा येतो.

त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांनी मोलासारखे लहान मासे कार्पबरोबर एकाच तळ्यात वाढवण्याची पद्धत बांगलादेशात रुजवली आणि त्यांना २०२१ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. मोला तळ्यातच अंडी घालतो, त्यामुळे एकदा सोडल्यावर दरवर्षी नवे बीज विकत घ्यावे लागत नाही. तेथील प्रयोगांत त्याच्यामुळे कार्पच्या उत्पादनात लक्षणीय घट दिसली नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा थोडी लहान मासळी घरासाठी काढायची आणि मोठा मासा विक्रीसाठी राखायचा, अशी ही व्यवस्था आहे. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मुलांना मोला खाऊ घालून केलेल्या एका चाचणीत त्यांच्या रक्तातील अ जीवनसत्त्वाच्या पातळीत अपेक्षित सुधारणा दिसली नाही. म्हणून लहान मासळी हा एकमेव उपाय मानू नये. हिरव्या भाज्या, अंडी, डाळी हे सारे बरोबर हवेच.

खाडीपलीकडे (ठाणे) यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरांत एक बाजू राहून गेली आहे, ती पाण्यावरील हक्काची. बांगलादेशाच्याच नैर्ऋत्येला, खुलना, सातखिरा आणि बागेरहाट या भागांत, १९८० नंतर निर्यातीसाठी कोळंबीची शेती झपाट्याने वाढली. १९६० च्या दशकात भातशेती वाचवण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्यांच्या आत मुद्दाम खारे पाणी घेतले गेले. परकीय चलन आले; पण खाऱ्या पाण्यामुळे भात गेला, गुरांचा चारा गेला, फळझाडे वाळली आणि पिण्याचे पाणी दुरून आणण्याची वेळ आली. ज्यांची जमीन इतरांच्या कोळंबीखाली बुडाली, त्यांनी विरोध केला. ७ नोव्हेंबर १९९० रोजी खुलना जिल्ह्यातील हरिणखोला येथे अशाच मोर्चाच्या अग्रभागी असलेल्या करुणामयी सरदार या भूमिहीन महिलेचा बळी गेला. त्यांच्या स्मरणार्थ तेथे आजही दरवर्षी लोक जमतात.

हे लिहिण्याचे कारण असे, की तळ्यातून पैसा निघू लागला की तळ्याची किंमत वाढते आणि किंमत वाढली की ताकदवान माणसाचे तिकडे लक्ष जाते. जोवर बोडीत केवळ गाळ आणि जलपर्णी आहे, तोवर ती बायकांच्या गटाला आनंदाने दिली जाते; दोन हंगाम चांगले गेले की पुढच्या लिलावाला दुसरेच नाव पुढे येते. दुसरा धोका याहून नकळत घडतो. आज त्याच पाण्यातून एखादी विधवा किंवा शाळकरी पोरे गळाने चार मासे काढत असतील, तर उद्या गटाने तळे राखायला सुरुवात केल्यावर तेच मासे चोरीचे ठरतील. सर्वांत गरीब घराची भूक आपल्याच प्रकल्पामुळे वाढणार नाही, याची काळजी आधी घ्या.

वैनगंगाकाठ यांचा प्रतिसाद:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तळे गटाकडेच टिकावे यासाठीचा करार आणि किनाऱ्यावरून लहान मासे धरणाऱ्यांचा हक्क, या दोन्ही बाबी मसुद्यात नव्हत्या. त्या आता घालते. एक अडचण उरते. आमच्या हाती असलेल्या प्रशिक्षण पुस्तिकेत बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकून तळ्यातील सर्व जुने मासे मारून घ्यावेत, असे सांगितले आहे. मग लहान मासळी राखायची कशी?

मामातलाव (गोंदिया) यांचे उत्तर:

ताई, मी ढीवर (मासेमार) समाजातील असून आमच्या घरी तलावांचीच वहिवाट आहे. मोहाची पेंड टाकली, की मरळ आणि मागूर यांच्याबरोबर सारी बारीक मासळीही मरते. मारण्याचा उद्देश खरे तर मरळीसारख्या शिकारी माशांपासून सोडलेले बीज वाचवणे एवढाच असतो. आपल्या बोड्या उन्हाळ्यात आटत असतील, तर पेंडीची गरजच नाही. तळ उघडा पडतो तेव्हा उरलेली मरळ हाताने धरता येते, आणि ती बाजारात चांगल्या भावाने जाते. बोडी आटत नसेल, तर जाळे दोन-तीनदा फिरवून मोठे शिकारी मासे काढावेत आणि बारीक मासळी तशीच राहू द्यावी. पेंडीऐवजी बीजाच्या आकारावर खर्च करा. मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) सोडले तर मरळ त्याचा फडशा पाडते. चार बोटे लांबीची बोटुकली सोडली, तर त्यातील बरीच जगते. ती महाग पडते, हे खरे. परंतु आपल्याकडे बोडीत पाणी जेमतेम माघापर्यंत टिकते, तेव्हा लहान बीज सोडून ते वाढण्याची वाट पाहण्याइतका वेळही हाती नसतो.

काठावर बेशरम हे झुडूप माजले असेल, तर ते मुळासकट उपटून काढा, नुसते कापले तर पुन्हा फुटते. मात्र पाण्यातील आमच्या जुन्या वनस्पती काढू नका. बारीक मासळी त्यांच्याच आडोशाने अंडी घालते.